बारा नंबरचा गॅस

फ्रीज भंगारात घालायला माणसाला फार विचार करावा लागू नये. धर्मापुरीत तर मुळीच लागत नाही. भंगारवाला भोंगा लावून गल्लीत येतो, आपण दारातून हात करायचा, तो फ्रीज आडवा करतो, टेम्पोत टाकतो आणि जातो. चुलीवर ठेवलेला चहा उतू जायच्या आत काम उरकतं. निवृत्ती सरवदे सरांना याच कामाला पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ लागला.

चूक त्यांची एवढीच, की त्यांनी वाचलं. सर हायस्कुलात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर काही माणसं वाचन सुरू करतात, काही सोडतात. सरांना यातलं काहीच करावं लागलं नाही. लातूरला नर्स असलेल्या त्यांच्या मुलीने, यशोधराने, दसऱ्याला नवा फ्रीज घेऊन येते असं कळवलं, तेव्हा सरांना वाटलं, इतकी वर्षं राबलेल्या जुन्या फ्रीजला निदान पुसून तरी निरोप द्यावा. समोरून सगळेच पुसतात. सरांनी तो भिंतीपासून ओढून मागून पुसला. तिथे जाळीमागे एक पत्र्याची पट्टी होती, आणि पट्टीवर गॅसचा नंबर होता. बारा.

सर फडकं हातात धरून तसेच खाली बसले.

"काय झालं? पाठीत उसण भरली का?" सिंधुबाईंनी विचारलं.

"सिंधू, ह्यात बारा नंबरचा गॅस आहे."

"मग? थंड तर करतंय की."

सरांनी एका मासिकातल्या लेखात वाचलेलं समजावून सांगितलं. खूप उंचावर ओझोनचं एक पांघरूण आहे. उन्हातला जो भाग कातडीला आणि डोळ्यांना बाधतो, तो ते अडवून धरतं. बारा नंबरचा गॅस मोकळा सुटला की हळूहळू वर जातो, फुटतो, आणि त्यातला क्लोरीनचा एकेक कण ओझोनचे लाखभर कण खाऊन बसतो. अशाने पांघरूण विरळ झालं होतं.

"आपल्या फ्रीजनं?"

"एकट्या आपल्या नाही. जगातल्या सगळ्याच."

"मग घोर एकट्या तुमालाच का?"

सिंधुबाईंच्या प्रश्नांची उत्तरं सरांना दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना सुचतात.

पण मासिकातल्या त्या लेखात पुढे आणखी एक गोष्ट होती आणि ती वाचताना सरांच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या. हे लक्षात आल्यावर म्हणे जगातले सगळे देश एकत्र बसले आणि हा गॅस बंद करायचा, असं ठरवून त्यांनी सह्या केल्या. नुसत्या सह्या नाहीत. खरंच बंद केला. आता पांघरूण हळूहळू भरून येत आहे. सरांच्या माहितीत त्यांच्या गल्लीतली सांडपाण्याची नाली कुठून न्यावी यावर समोरासमोरच्या दोन घरांचं अजून एकमत झालेलं नव्हतं, आणि इथे सगळी दुनिया एका गोष्टीला हो म्हणाली होती! न पाहिलेल्या त्या माणसांविषयी सरांना फार कृतज्ञता वाटली. इतक्या जणांनी इतकं केल्यावर आपल्या घरातून उठून एखाद्या फ्रीजने वर जाऊन घाण करावी, हे त्यांना बरं दिसेना.

शिवाय फ्रीजचेही उपकार होतेच. सिंधुबाईंच्या इन्सुलिनच्या बाटल्या त्याने सांभाळल्या. भीमजयंतीच्या सरबताचा बर्फ त्याचा. शेजारच्या छबुबाईंचं विरजण, माजी सरपंच गहिनीनाथरावांच्या म्हशीचं इंजेक्शन, कुणाच्या तापल्या लेकराच्या कपाळावरच्या पट्ट्यांचं पाणी, सगळं त्याच्याच पोटात. गल्लीत तो एकटाच फ्रीज होता तेव्हापासूनची ही सवय. पुढे घरोघरी फ्रीज आले तरी छबुबाई बर्फाला इकडेच येत. त्यांच्या मते नव्या फ्रीजच्या बर्फाला चव नसते.

तरी सरांनी भंगारवाल्याला हाक मारली. मात्र त्याने फ्रीजला हात लावायच्या आधी त्यांनी चाचरत विचारलं, "आतल्या गॅसचं काय करता हो तुम्ही?"

"त्यात काय करायचं, सर? हातोडी हाणायची. नळी तुटती, फुस्स करतंय, मोकळं."

"फुस्स करतं ते जातं कुठे?"

भंगारवाल्याने मोठ्या उदारपणे वर बोट केलं.

सरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आतून सिंधुबाईंची भांडी बोलली. मग त्या बाहेर आल्या. "यशोधरा दसऱ्याला येणार. घरात जागा एकाच फ्रीजची हाय. तवर हे धूड हाललं न्हाई, तर मी सोता हातोडी हाणते. सांगून ठेवते."

सिंधुबाई सांगून ठेवतात ते करतात. सर कामाला लागले.

ग्रामपंचायतीत त्यांना तालुक्याला जायला सांगितलं. तालुक्याच्या एका कचेरीत (नाव कशाला, तिथल्या माणसांनी बसायला खुर्ची दिली होती) त्यांचा विषय ऐकून घेतला गेला आणि वायूचा त्रास म्हणजे आरोग्याचं टेबल, असं ठरलं. तिथल्या बाबूंनी कागद पुढे ओढला.

"उलट्या? चक्कर?"

"कुणालाच नाही."

"मग त्रास कुणाला हाय?"

"आकाशाला," सर म्हणाले आणि लगेच लाजले.

बाबूंनी लिहून घेतलं. "वय?"

सरांना खुलासा करायला फार वेळ लागला. शेवटी बाबूंनी, "लेखी द्या, चौकशी लावतो," असं म्हटलं तेव्हा सरांना आनंद झाला. लेखी देण्यात त्यांना भीती वाटत नाही. त्यांनी शुद्ध मराठीत, समास सोडून, परिच्छेद पाडून लिहिलं. तो अर्ज इतका चांगला उतरला की चौकशी खरोखरच लागली.

म्हणजे एके दिवशी सकाळी पोलीस पाटील दारात. सोबत गहिनीनाथराव, कारण गावात कुठेही कुणी दारात उभं राहिलं की सोबत गहिनीनाथराव असतात.

"सर, तुमच्या घरात घातक वायू हाय असं वरून आलंय," पोलीस पाटील उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाले. "कुणी तक्रार केलीया."

"मीच केली."

"तुमीच? सोताच्याच घराची?"

पोलीस पाटलांनी गहिनीनाथरावांकडे पाहिलं. गहिनीनाथरावांनी फ्रीजकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, आणि सर चहा घेता का असं विचारीपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते जाऊनसुद्धा बसलं होतं: सरवदे सरांच्या घरी विषारी गॅसचा साठा, लहान मुलांना सांभाळा.

पुढचे काही दिवस सरांनी घराबाहेर पडायचंच टाळलं. तसे ते एरवीही टाळत, पण एरवी कुणी कारण विचारत नसे. शाळेची पोरं मागच्या गल्लीने जाऊ लागली. केस कापायला गेले तर न्हाव्याने श्वास धरून एवढ्या घाईने कापले की डावीकडचे राहून गेले. छबुबाई येऊन आपलं विरजण घेऊन गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "सर, राग मानू नका. पर लेकराबाळाचं घर हाय माझं."

सल्ले मात्र येत राहिले, अंतर राखून. कुणी म्हणालं पुरा. कुणी म्हणालं फ्रीजला लिंबू-मिरची बांधा. गहिनीनाथराव रस्त्याच्या पलीकडून ओरडले, "सर, माझ्या हिरीत टाका! पाण्याखाली गेला की गॅस वर येतंय कशाला?"

"येतो हो," सर म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की गहिनीनाथरावांना तो होकार वाटला. ते दोर आणायला गेले. सिंधुबाईंनी त्यांना वाटेत गाठलं म्हणून विहीर वाचली.

यशोधराने फोनवर सगळं ऐकून घेतलं. ती हसेल असं सरांना वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, परळीत बघा. फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांना गॅस काढून घ्यायचं मशीन येतं म्हणे. कुणाकडं तरी असंल."

कुणाकडे म्हणजे आदिनाथकडे होतं. परळीत बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान. दाराशी दारं काढलेले फ्रीज उभे. सरांनी अडखळत विषय काढताच आदिनाथ ताठ झाला.

"मशीन? अख्ख्या तालुक्यात हाय ते माझ्याकडंच. ट्रेनिंगला गेलतो, तितं दिलं." त्याने वर बोट दाखवलं.

फळीवर, थर्माकोलच्या मखरात, मशीन बसलेलं होतं. त्याला वाळलेल्या झेंडूचा हार होता. अंगावर हळदीकुंकवाचे इतके थर चढले होते की बटणं कुठली आणि कुंकू कुठलं हे ओळखू येत नव्हतं.

"दर दसऱ्याला पूजा करतो," आदिनाथ म्हणाला. "एक साल चुकवलं न्हाई."

"वापरलं कधी?"

"वापरलं आन् बिघडलं म्हंजे? तालुक्यात एकच हाय, सर!"

सरांना या विचारात खोट सापडेना. त्यांच्याही वाचनालयात काही ग्रंथ असेच वर्षानुवर्षं जपलेले होते. मशीनसोबत एक इंग्रजी पुस्तिका होती, प्लॅस्टिकसुद्धा न फोडलेली. सरांनी ती उघडायची परवानगी मागितली, स्टुलावर बसले आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. दुपार कधी कलली ते त्यांना कळलं नाही. आदिनाथने दोनदा चहा मागवला. दोन्ही कपांवर साय धरली.

"सर, कळतंय का काई?"

"फार सोपं लिहिलंय," सर म्हणाले. पोळ्यानंतर प्रथमच त्यांचा चेहरा उजळला होता.

"मग झालं. तुमी वाचा, मी हात चालवतो. पर एक हाय. पूजा झाल्याबिगर मशीन खाली उतरवायचं न्हाई. दसऱ्याला पूजा केली की दुपारी आलोच."

दसरा म्हणजे सिंधुबाईंची मुदत संपायचा दिवस. पण दुपार सिंधुबाईंच्या हिशेबात बसत होती.

इकडे धर्मापुरीत गहिनीनाथरावांना उपरती झाली होती. यशोधराने त्यांना फोन करून, काका, तो गॅस विषारी नाही, आणि तुमच्या म्हशीचं इंजेक्शन त्याच्याच जिवावर टिकलं, असं गोड आवाजात सुनावलं होतं. गहिनीनाथरावांचं एक आहे: ते वाईट करतात तेही भरपूर आणि चांगलं करतात तेही भरपूर. त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं, गल्लीच्या फ्रीजचा जाहीर निरोप समारंभ, दसऱ्याला दुपारी, सरबताची सोय आहे.

दसऱ्याच्या सकाळी सर आणि सिंधुबाई विहारात वंदनेला जाऊन आले तर अंगणात मांडव. खुर्च्या, माईक, माईकसाठी जनरेटर. फ्रीज बाहेर आणून टेबलाजवळ वायर जोडून चालू ठेवलेला, दाराच्या कडीत शेवंतीचा हार. एवढी गर्दी, आपल्याला बोलायला लावतील, या एकाच विचाराने सर फ्रीजच्या मागे जाऊन उभे राहिले.

गहिनीनाथरावांचं भाषण रंगात आलं होतं. छबुबाई सरबताच्या घागरीपाशी होत्या. गेल्या पंधरवड्याचं ओझं त्यांच्याही मनावर होतंच. "शेवटचा बर्फ हाय," त्या कुणाला तरी म्हणाल्या, "नीट तळापासनं काढते." आणि त्यांनी फ्रीजर उघडला, उलथनं घेतलं, आणि इतकी वर्षं काढत आल्या तसा बर्फ खरवडायला लागल्या. आज माया जास्त होती, म्हणून जोरही जास्त होता.

फुस्स.

आवाज बारीक होता. सरांखेरीज तो कुणाच्या लक्षात आला नसता. सर फ्रीजमागून बाहेर आले, छबुबाईंच्या काखेखालून वाकले, डोकं फ्रीजरमध्ये घातलं आणि पत्र्याला पडलेल्या छिद्रावर अंगठा दाबून धरला. इतक्या चपळाईने त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. फुस्स थांबलं.

गहिनीनाथरावसुद्धा भाषण थांबवून बघू लागले.

"अहो," सिंधुबाई पुढे आल्या, "बाहेर या. लोक बघाय लागलेत."

"येता येत नाही," फ्रीजमधून आवाज आला. "आदिनाथला फोन लाव."

आदिनाथ फोनवर ओरडला, "फ्रीज बंद करू नका! चालू हाय तवर आत जोर कमी राहतोय! आन् बोट काढू नका! मी रस्त्यात हाय!" रस्त्यात हाय म्हणजे अजून घरात, हे सगळ्यांना माहीत होतं. छबुबाई रडायला लागल्या. "माझ्या हातानं झालं ओ सर!" रडता रडताच त्या घरात पळाल्या आणि कणकेचा मोठा गोळा घेऊन आल्या. मडक्याच्या झाकणाची वाफ त्या कणकेनेच कोंडत. त्यांनी ती सरांच्या अंगठ्याभोवती लिंपली. "जाऊ देते का मी आता," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वीज गेली.

हवा मोकळी असली की गच्चीवरून परळीच्या धुरांड्यांचा धूर दिसतो. वीज तिथे तयार होते. पुढे ती कुठे जाते याबद्दल धर्मापुरीत निरनिराळी मतं आहेत. फ्रीज थरथरून थांबला आणि सरांना अंगठ्याखाली काहीतरी हळूहळू वर ढकलत असल्याचं जाणवलं.

"जोर वाढतोय!"

जनरेटर होता, पण त्यावर माईक चालला होता. सगळ्यांनी गहिनीनाथरावांकडे पाहिलं. गहिनीनाथरावांनी माईककडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने माईकची पिन उपसली आणि फ्रीजची खोचली. गावाने त्यांना आपण होऊन माईक सोडताना पहिल्यांदाच पाहिलं. फ्रीज जरा कुरकुरला, मग चालू झाला.

याच वेळी यशोधरा टेम्पोतून नवा फ्रीज घेऊन उतरली. "आई, बाबा कुठंयत?"

"फ्रीजमधी," सिंधुबाई म्हणाल्या.

आदिनाथ आला तेव्हा मशीनला ताजा हार होता. त्याने नळ्या काढल्या, मांडल्या आणि मग त्याचं सगळं अवसान गळालं. "सर, पुस्तक वाचाय तुमी लागता. पहिली कुठली नळी?"

पुस्तिका सरांच्या खिशात होती, पण सरांना ती लागली नाही. त्या दुपारी त्यांनी ती नुसती वाचली नव्हती. "आधी कॉम्प्रेसरच्या आखूड नळीला चाप बसव," फ्रीजमधून आवाज आला. तो आवाज घुमत होता, ठाम होता आणि मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता. "निळी नळी तिथून मशीनला. लाल मशीनमधून टाकीला. आता नळीतली हवा काढ. हळू! आता झडप उघड. अर्धीच!"

"अर्धी उघडली, सर!"

लोक थक्क होऊन ऐकत होते. या माणसाने हायस्कुलात इतकी वर्षं काढली, पण त्याला सलग चार वाक्यं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. समोर माणसांऐवजी बर्फ होता, म्हणून असेल. सरांचा एकही शब्द अडखळला नाही. कुणीतरी ओझोन म्हणजे काय विचारलं. सरांनी तेही सांगितलं. पांघरूण, सह्या, भरून येणं, सगळं. पोलीस पाटील टोपी काढून ऐकत होते. मधेच सिंधुबाईंनी बशीत चहा ओतून फ्रीजमध्ये हात घातला आणि नवऱ्याला पाजला. मग पदराने त्यांच्या मानेवरचं पाणी टिपलं.

मशीन घरघरलं, खोकलं, त्यातून थोडं कुंकू उडालं आणि काटा उतरत उतरत तळाला टेकला.

"आला!" आदिनाथ ओरडला. "सगळा आला, सर! काढा अंगठा!"

अंगठा निघेना. कणीक गोठली होती आणि कणकेत अंगठा. यशोधराने कोमट पाणी मागवलं आणि नर्सच्या करड्या आवाजात सगळ्यांना मागे सारलं. बऱ्याच वेळाने सर बाहेर आले. भुवयांवर बर्फ, चष्म्यावर बर्फ, केस डावीकडे लांब.

"किती निघाला?" गहिनीनाथरावांनी विचारलं.

आदिनाथने टाकी वजनकाट्यावर ठेवली. "चहाच्या कपात मावंल एवढा. आता ही टाकी माझ्याकडं राहणार. अजून जमला की पुण्याला जातंय, तितं साफ करत्यात."

"एवढाच?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. पण लगेच दुसरं कुणीतरी त्याला म्हणालं, "गप बे. ऐकलं न्हाई का, एक कण लाख खातोय ते."

गहिनीनाथरावांनी माईक परत जोडला. "आता सरवदे सर आभारप्रदर्शन करतील."

आभारप्रदर्शन म्हटलं की सभेतले लोक चपला शोधायला लागतात, ही सगळीकडची रीत. त्या दिवशी कुणी उठलं नाही. सरबत अजून वाटायचं होतं हे एक कारण असेल.

सर माईकसमोर उभे राहिले, अंगठा कोमट पाण्याच्या वाटीत. समोर माणसंच माणसं. मघाचा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. छबुबाईंची कणीक, गहिनीनाथरावांचा माईक, आदिनाथची पूजा, यशोधराचा फोन, सिंधूची बशी: हे सगळं एकदमच मनात आलं. मग ती सह्या करणारी दूरदेशीची माणसं आठवली. त्यांना कसं कळवायचं?

"थोडा गेला असेल," सर शेवटी म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही. "पण बाकीचा... आपल्या गल्लीतून बाकीचा वर गेला नाही. मी सगळ्यांचा फार..."

त्यांनी नुसतं वर पाहिलं.

ते पाहून गहिनीनाथरावांनी वर पाहिलं. मग पोलीस पाटलांनी, मग मांडवातल्या कडेच्या माणसांनी बाहेर येऊन. वर दसऱ्याचं निळं, मोकळं आभाळ होतं. दिसण्यासारखं दुसरं काही नव्हतं. छबुबाईंनी कणकेचा हात डोळ्यांवर आडवा धरून बराच वेळ नीट तपासलं.

"हाय की, सर," त्या म्हणाल्या. "हाय जागेवर."